रायडर एकदम कसे जातात

डिलिव्हरी करणारी माणसं महिनोन्महिने कुरकुरत का होईना पण काम करत राहतात, रेट जरा कमी झाला तरी राहतात, इन्सेन्टिव्हचं टार्गेट वाढलं तरी राहतात, आणि मग एखाद्या आठवड्यात असं काय होतं की एका झोनमधली, म्हणजे शहरातल्या एका भागातली, लॉगिनची रेघ धाडकन खाली येते? गेली काही वर्षं मी याच प्रश्नाभोवती फिरतेय. माझं काम मॉडेल बनवायचं, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये हजारभर काल्पनिक रायडर तयार करायचे, प्रत्येकाला स्वतःची गरज, स्वतःची सहनशक्ती आणि आपापल्या ओळखीची माणसं द्यायची, आणि मग रेट कार्ड, म्हणजे कुठल्या ऑर्डरला किती पैसे याचा तक्ता, बदललं की काय होतं ते बघत बसायचं. ऑफिसात बसून आकडे बघणारी माणसं दर वेळी एकच सांगतात, अहो मागच्या आठवड्यापर्यंत सगळं ठीक होतं. आकड्यांत खरंच ठीक असतं, ते खोटं बोलत नसतात. माझं सगळं कुतूहल तिथेच अडकलंय, की ठीक दिसत असताना आत काय साठत होतं.

सगळ्यात पहिली अडचण अशी की या कामात राजीनामा नावाची गोष्टच नाही. कारखान्यात किंवा बँकेत माणूस सोडतो तेव्हा पत्र असतं, तारीख असते, हिशेब असतो. इथे माणूस फक्त अ‍ॅप उघडत नाही. आज उघडलं नाही, उद्या नाही, परवा दुसऱ्याच कंपनीच्या अ‍ॅपवर चार ऑर्डर केल्या, मग परत इकडे आला. मग गेला कधी म्हणायचं? कुणी 30 दिवस लॉगिन नाही म्हणजे गेला असं धरतं, कुणी 7 दिवस, आणि ही रेघ कुठे मारता त्यावर तुमचा टर्नओव्हरचा, म्हणजे किती माणसं सोडून गेली त्याचा, आकडा पार बदलतो, घरी आजारपण आहे म्हणून महिनाभर थांबलेला माणूस त्यात गेलेला ठरतो आणि मनातून केव्हाच गेलेला पण आठवड्यातून एकदा सवयीने लॉगिन करणारा टिकलेला ठरतो. अमेरिकेतल्या जेपी मॉर्गन चेसच्या संशोधन संस्थेने 2016 मध्ये बँक खात्यांवरून ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर कमावणाऱ्यांचा अभ्यास केला होता, त्यात निम्म्याहून जास्त लोक 12 महिन्यांच्या आत बाहेर पडलेले दिसले. म्हणजे येणं-जाणं हा या धंद्याचा नेहमीचा श्वास आहे, आणि त्या सततच्या ये-जा मध्ये सगळ्यांनी एकदम जाण्याची खरी लाट वेगळी ओळखायची आहे.

नेहमीची पद्धत म्हणजे सर्व्हायवल अ‍ॅनालिसिस. किती काळ गेल्यावर किती जण टिकून राहतात याचं हे गणित. कॅप्लन आणि मायर यांचा 1958 चा वक्र, कॉक्सचं 1972 चं मॉडेल, दवाखान्यातल्या रुग्णांसाठी तयार झालेली ही हत्यारं नोकरी सोडणाऱ्यांनाही छान लागू पडतात. कमाई इतकी कमी झाली की सोडण्याची शक्यता इतकी वाढते, वय इतकं असेल तर तितकी, असं सगळं गुळगुळीत मिळतं. मीही ती रोज वापरते. पण साध्या रूपात त्यांच्या पोटात एक गृहीतक बसलेलं असतं, की एका माणसाचं जाणं दुसऱ्याच्या जाण्यापासून स्वतंत्र आहे. रुग्णांच्या बाबतीत बऱ्याचदा ते चालून जातं. रायडरच्या बाबतीत नाही चालत. ते एकाच पिकअप पॉइंटला उभे असतात, एकाच ग्रुपवर पेआऊटचे स्क्रीनशॉट टाकतात, एकमेकांना विचारतात की तुला पण आज ऑर्डर पडत नाहीत का रे. मत तिथे तयार होतं, आणि स्वतंत्र माणसांचं गणित तिथेच संपतं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1978 मध्ये एक मॉडेल मांडलं आणि माझ्या मते या विषयात त्याच्याइतकं साधं आणि हादरवणारं दुसरं काही नाही. 100 माणसं घ्या. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे, म्हणजे किती जण आधी पुढे गेलेले दिसले की मी जाईन. एकाचा उंबरठा 0, तो कुणाचीच वाट बघत नाही. दुसऱ्याचा 1, तिसऱ्याचा 2, असं करत शेवटच्याचा 99. पहिला निघाला, त्याला बघून दुसरा, दोघांना बघून तिसरा, आणि बघता बघता सगळे 100 बाहेर. आता फक्त एक बदल करा, ज्याचा उंबरठा 1 होता त्याचा 2 करा. पहिला निघतो, आणि पुढे कुणीच हलत नाही, कारण एकाला बघून निघणारा माणूसच आता त्या गर्दीत नाही. दोन्ही गर्दींच्या उंबरठ्यांची सरासरी काढली तर 49.50 आणि 49.51. सर्व्हेत या दोन गर्दींमध्ये फरक दिसणारच नाही. एकीत सगळे गेले, दुसरीत एकटा.

हे पहिल्यांदा स्वतः कोड करून बघितलं तेव्हापासून मी सरासरी समाधान नावाच्या आकड्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. सरासरी 5 पैकी 3.6 आहे हे कळून काहीच कळत नाही. बघायचं असतं ते हे, की माणसं उंबरठ्यांवर कशी पसरलीयेत, साखळीत कुठे फट आहे, आणि ती फट बुजायला किती कमी लागेल. रेट थोडा कमी केल्याने शंभरातला एकही माणूस त्या दिवशी जात नाही, पण पाच-सहा जणांचे उंबरठे एकेक पायरी खाली सरकतात आणि मधली फट बुजते. वरून बघणाऱ्याला वाटतं, कपात पचली. मग दोन महिन्यांनी सपोर्टने एका रायडरशी वाईट वागल्याचं ग्रुपवर फिरतं आणि लोक त्या एका प्रकरणाला दोष देतात. त्या बिचाऱ्या प्रकरणात तेवढा दम नसतो, ठिणगी कुठलीही चालली असती.

पण डिलिव्हरीत हे मॉडेल जसंच्या तसं घालता येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त रस या भागात आहे, कारण इथे एकमेकांच्या जाण्याचा परिणाम दोन उलट दिशांनी होतो. माझ्या झोनमधले दहा जण गेले तर उरलेल्या ऑर्डर माझ्या वाट्याला जास्त येतात, वाट बघणं कमी होतं, कदाचित कंपनी माणसं कमी पडली म्हणून इन्सेन्टिव्हही वाढवते. म्हणजे त्यांचं जाणं मला थांबायला कारण देतं. त्याच वेळी ते दहा जण माझ्या ओळखीचे असतात, त्यांच्या जाण्यातून मला कळतं की जाता येतं, बाहेर काहीतरी आहे, आणि इथे राहणारा मी एकटाच वेडा आहे का असं वाटायला लागतं. पहिली ओढ लाट दाबते, दुसरी वाढवते. गुपचूप एकेकटे गेले तर पहिली ओढ जिंकते, झोन स्वतःला सावरून घेतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. सगळ्यांना दिसेल असं गेले, ग्रुपवर लिहून गेले, एका दिवशी एकत्र लॉगआऊट केलं, तर दुसरी. माझ्या सिम्युलेशनमध्ये माणसं तीच, राग तेवढाच, पैसे तेवढेच ठेवून नुसतं एकमेकांना किती दिसतं एवढं बदललं तरी कधी महिनोन्महिने हळू गळती होते आणि कधी एका रात्रीत रिकामं. म्हणून जेव्हा कुणी मला विचारतं की रेट किती कमी केल्यावर लोक जातील, तेव्हा त्या प्रश्नाला एक आकडा असं उत्तर देताच येत नाही, ते कोण कुणाला बघतंय यावर ठरतं.

मग त्यांना विचारायचं की सरळ! विचारतातही. पण विचारणारं कोण, तर तेच अ‍ॅप जे ऑर्डर वाटतं. तिमुर कुरान नावाच्या अर्थतज्ज्ञांनी 1989 पासून यावर लिहिलंय, की माणसाचं खाजगी मत आणि चारचौघांत सांगितलेलं मत यात अंतर असतं, आणि हे अंतर सगळेच पाळत असतील तर प्रत्येकाला वाटतं बाकीचे खूश आहेत. त्यांनी 1991 मध्ये पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी 1989 मध्ये कोसळल्या त्याचं विश्लेषण याच अंगाने केलं, कारण तिथे बदल जवळजवळ कुणालाच आधी दिसला नव्हता आणि झाल्यावर मात्र सगळ्यांनाच तो अटळ वाटायला लागला. रायडरचं तर बोलणंही लागत नाही, त्याचं वागणंच मत म्हणून मोजलं जातं. तो ऑर्डर घेतोय, नाकारत नाहीये, म्हणजे त्याला रेट मान्य आहे असा अर्थ काढला जातो, पण नाकारल्या तर अ‍ॅक्सेप्टन्स रेट, म्हणजे घेतलेल्या ऑर्डरचं प्रमाण, पडतो आणि तो पडला की इन्सेन्टिव्ह जातो, म्हणून तो घेतोय. एका रायडरशी बोलत होते, तो म्हणाला, "ताई, सर्व्हे आला की मी सगळीकडे चांगलंच टिक करतो, उगाच आयडीला काही झालं तर?" खरंच काही झालं असतं का हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नाही. पण त्याच्या टिकचा माझ्या डेटात एक ठिपका होतो आणि तो ठिपका हिरवा असतो.

याहून फसवी अजून एक गोष्ट आहे. समजा 100 रायडरपैकी 60 जण 4 गुण देतात आणि 40 नाराज जण 2 देतात, सरासरी 3.2. नाराजांपैकी 30 निघून गेले, जागी 30 नवे आले, ज्यांना जुना रेट माहीतच नाही, तेही 4 देतात. सरासरी झाली 3.8. एकाही माणसाचं मत बदललेलं नाही, तरी ग्राफ वर गेला आणि कुणीतरी प्रेझेंटेशनमध्ये लिहिलं की समाधान वाढतंय. नव्या माणसासाठी आजचा रेट हाच मुळातला रेट असतो, त्याच्याकडे तुलना करायला काल नाही. जी माणसं जातात त्यांच्यासोबत तुलना जाते, आठवण जाते, बऱ्याचदा बोलण्याची हिंमतही जाते. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये सोडून जाणं आणि आवाज उठवणं या दोन वाटांचं नातं मांडलं, की जाणं जितकं सोपं तितका आवाज दुबळा, कारण ज्यांना जास्त खटकतं तेच आधी निघून जातात. डिलिव्हरीत अ‍ॅप सोडणं एका बोटाचं काम आहे, म्हणून आवाज क्वचित उठतो, आणि उठतो तेव्हा लोक चकित होतात. 2016 च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये डिलिव्हरू या फूड डिलिव्हरी कंपनीने तासाचे पैसे अधिक प्रत्येक डिलिव्हरीचे पैसे ही पद्धत बदलून फक्त डिलिव्हरीमागे पैसे देण्याची ट्रायल आणली तेव्हा रायडर कंपनीच्या ऑफिससमोर जमले, काही दिवस आंदोलन चाललं आणि ज्यांना नको त्यांच्यावर ती सक्तीची नाही असं कंपनीला सांगावं लागलं. ब्राझीलमध्ये 1 जुलै 2020 ला देशभरातल्या अ‍ॅप डिलिव्हरीवाल्यांनी काम थांबवलं. एकमेकांना न ओळखणारी, ठरलेली वेळ नसलेली, एकत्र बसायला जागा नसलेली माणसं एकाच दिवशी थांबू शकतात याचा हा पुरावा आहे.

आता थोडं गणिताच्या आकाराबद्दल, कारण तो आकार एकदा डोळ्यासमोर आला की बरंच काही सुटतं. 1983 मध्ये शेरिडन आणि एबेल्सन यांनी नर्सिंगमधल्या कर्मचाऱ्यांच्या नोकरी सोडण्यासाठी कस्प कॅटास्ट्रॉफी मॉडेल वापरलं, हळू बदलांतून अचानक उडी कशी येते हे सांगणाऱ्या कॅटास्ट्रॉफी थिअरीतलं ते एक मॉडेल. त्यात दोन गोष्टी हळूहळू बदलतात, कामाचा ताण आणि संस्थेबद्दलची बांधिलकी, आणि तिसरी गोष्ट, म्हणजे राहायचं की जायचं, एकदम उडी मारते. मध्ये घडी पडलेल्या कागदासारखा तो पृष्ठभाग असतो, त्यामुळे घडीच्या भागात तेवढ्याच ताणाला दोन उत्तरं असतात, राहणारा राहतो आणि गेलेला परत येत नाही. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते परतीचं गणित. रेट 10 टक्के कमी केल्यावर लोक गेले, म्हणून 10 टक्के परत वाढवल्यावर ते येतील असं होत नाही. यायला त्यापेक्षा बरंच जास्त द्यावं लागतं, कारण तोपर्यंत त्यांनी दुसरं काही धरलेलं असतं आणि मुख्य म्हणजे हे परत कमी करणार हे त्यांना कळलेलं असतं. कपातीचा हिशेब करताना वाचलेले पैसे लिहिले जातात, परतीचा हा खर्च कुठल्याच रकान्यात नसतो. कॅटास्ट्रॉफी थिअरी सगळीकडे चिकटवण्यावर 1977 मध्येच झालर आणि सुसमन यांनी कडक टीका केली होती आणि ती बऱ्याच अंशी रास्त होती, घडी डेटात खरंच आहे का हे न तपासता लोक सुंदर चित्र काढून मोकळे व्हायचे. म्हणून मी घडी गृहीत धरत नाही, आधी साधी सरळ रेघ लावून बघते आणि ती पुरली तर तिथेच थांबते.

सगळंच जाणं असं साठूनही होत नाही. माणसं नोकरी का सोडतात यावर काम करणाऱ्या ली आणि मिचेल यांनी 1994 मध्ये मांडलं की बरेच लोक असमाधानाची शिडी एकेक पायरी चढून सोडत नाहीत, एखादा धक्का बसतो आणि ते थांबून विचार करतात. डिलिव्हरीत असे धक्के रोजचेच. न केलेल्या चुकीची पेनल्टी, अपघात झाल्यावर पहिला मेसेज ऑर्डर कुठे आहे असा येणं, आणि सगळ्यात मोठा म्हणजे आयडी ब्लॉक होणं आणि का ते सांगायला समोर माणूसच नसणं. हे एकट्याचे धक्के आहेत. रेट कार्ड बदलतं तेव्हा मात्र तोच धक्का सगळ्यांना एकाच सकाळी बसतो, ज्यांनी कधी एकमेकांशी बोललेलं नसतं ते सगळे एकाच तासात एकच प्रश्न विचारायला लागतात. माझ्या मॉडेलमध्ये मी हे दोन वेगळे ठेवते, कारण पहिल्याने गळती होते आणि दुसऱ्याने माणसं एकमेकांना सापडतात.

आधी कळू शकतं का? थोडंफार. पर्यावरणशास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात लिहिलं की तलाव असो की हवामान, उलथण्याच्या जवळ आलेली व्यवस्था छोट्या धक्क्यातून सावरायला जास्त वेळ घ्यायला लागते आणि तिचे चढउतार वाढतात. मी तेच लॉगिनच्या तासांमध्ये बघते. एका दिवशी सर्व्हर बंद पडला, सगळ्यांची कमाई बुडाली, मग तास आधीच्या पातळीला यायला किती दिवस लागले? आधी पटकन यायचे, मग जरा उशिरा, मग अजून उशिरा, आणि सरासरी मात्र तीच. ही लांबत जाणारी सावरण्याची वेळ मला समाधानाच्या कुठल्याही गुणांपेक्षा जास्त खरी वाटते, कारण ती कुणी भीतीने टिक केलेली नसते. तिच्या मर्यादा आहेत, बाहेरून एकदम मोठा धक्का आला तर ती काहीच सांगत नाही, सणासुदीच्या किंवा परीक्षांच्या दिवसांत उगाच घाबरवते, आणि लाट यायची शक्यता वाढली एवढंच सांगते, तारीख नाही सांगत.

तर हे सगळं केल्यावर माझ्यापुढे जो प्रश्न येतो तो गणिताचा नाहीच. कडा, म्हणजे जिथून माणसं एकदम जायला लागतात ती जागा, कुठे आहे हे मॉडेलने दाखवलं की त्याचे दोन उपयोग होतात. एक, कडेपासून लांब जायचं. दुसरा, कडेच्या अगदी अलीकडे, माणसं जाणार नाहीत पण त्यांच्या हातात कमीत कमी पडेल अशा जागी रेट आणून ठेवायचा, झोन झोन वेगळा, जमलं तर माणूस माणूस वेगळा, म्हणजे स्क्रीनशॉट जुळणारच नाहीत आणि साखळीतली फट कायम राहील. दुसरा उपयोग तांत्रिकदृष्ट्या पूर्ण शक्य आहे आणि याची मला खरी भीती वाटते. एवढ्या कडेवर माणसांना वर्षानुवर्षं उभं करणं मला चूक वाटतं, लाट आली नाही तरी चूक वाटतं, कारण लाट न येण्याचा अर्थ त्यांना सोसतंय असा नसून त्यांना एकमेकांचं दिसत नाहीये असाही असू शकतो. म्हणून असं काम समोर आलं की मी आधीच विचारून घेते की निकाल कशासाठी वापरणार, आणि माणसागणिक उंबरठा काढून द्यायला मी नाही म्हणते, झोनच्या पातळीवरचं काय ते देते.

युरोपियन युनियनने 2024 मध्ये प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांसाठी एक निर्देश मंजूर केला, अकाउंट बंद करण्यासारखे निर्णय माणसाने घ्यावेत, मशीनवर सोडू नयेत आणि कामगाराला त्याचं कारण मिळावं अशा गोष्टी त्यात आहेत, सदस्य देशांना 2 डिसेंबर 2026 पर्यंत तो आपापल्या कायद्यात आणायचाय. हे चांगलंच आहे. पण या तरतुदी एकेकट्या माणसावर झालेल्या निर्णयांपुरत्या झाल्या, आणि मी ज्याच्या मागे आहे ती गोष्ट कुणा एकाची नाहीच, ती सगळ्यांची मिळून असते. झोनमध्ये किती जण कमी तास करायला लागलेत, धक्क्यातून सावरायला किती दिवस लागतायत, नवे किती आणि जुने किती उरलेत, एवढे तीन आकडे कुणाचंही नाव न घेता रायडरच्याच अ‍ॅपमध्ये दाखवता येतील, कंपनीकडे ते आत्ताही आहेत. जिथे जिथे मी हे सुचवलं तिथे पहिली प्रतिक्रिया हीच आली की असं दाखवलं तर लोक एकत्र येतील. हो, येतील, मॉडेलही तेच सांगतं, आणि रेट बदलायच्या आधीच आले तर कंपनीला जे सहा महिन्यांनी रिकाम्या झोनमधून कळणार होतं ते समोर बसलेल्या माणसांकडून कळेल, तेही परतीचा खर्च करायची वेळ येण्याआधी.